नवा सर्व्हर घेण्यापूर्वी कोअरनिहाय भार तपासावा

संपादक महोदय,

परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक जाळ्याची देखभाल मी करतो. प्रवेशअर्जांच्या आठवड्यात आमचा सर्व्हर दुपारी जवळजवळ थांबत असे आणि पाथरी, मानवत, सोनपेठहून एसटीने आलेली मुले परतीच्या गाडीकडे डोळे लावून खिडकीपुढे ताटकळत. पुरवठादाराने नवा सर्व्हर सुचवला, दरपत्रकही पाठवले. प्रोसेसरवरचा एकूण भार तेव्हा फार तर १५ टक्के दिसत होता. मात्र प्रत्येक कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाची) नोंद वेगळी पाहिली तेव्हा ८ पैकी पहिला कोअर पूर्ण गुंतलेला आणि उरलेले ७ जवळपास रिकामे आढळले. सरासरीच्या आकड्याने किती फसगत होते, हे मला त्या दिवशी कळले.

नेटवर्क कार्डाला पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून येणारे माहितीचे छोटे तुकडे, घेण्यासाठी एकच रांग असली, की त्याचे इंटरप्ट (काम आल्याचे इशारे) सहसा एकाच कोअरकडे जातात आणि पॅकेटवरची पुढची प्रक्रियाही तिथेच होते. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यात आठ काटे असताना सगळ्या गाड्या एकाच काट्यापुढे लावाव्यात, तसा हा प्रकार आहे.

यावरचा उपाय लिनक्स या संगणक प्रणालीत २०१० पासून आहे. गूगलचे टॉम हर्बर्ट यांनी लिहिलेली ‘रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग’ ही सोय २.६.३५ या आवृत्तीत आली. पॅकेट पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक (संगणकावरील कोणत्या सेवेसाठी ते आहे, हे सांगणारा आकडा) यांवरून हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने येणारा एक आकडा, काढला जातो व त्यानुसार ते ठरावीक कोअरकडे सोपवले जाते. एका जोडणीची पॅकेट एकाच कोअरकडे जात असल्याने त्यांचा क्रम बिघडत नाही. एका शेतकऱ्याची सगळी पोती एकाच काट्यावर गेली, तर काटापट्टीत घोळ होत नाही, तसेच हे. ही सोय मुळात बंद असते आणि कोणते कोअर वापरायचे, ते हेक्साडेसिमल (० ते ९ अंक आणि ए ते एफ अक्षरे वापरणाऱ्या) आकड्याने सांगावे लागते. आम्ही पहिला कोअर इंटरप्टसाठी राखून बाकीचे सात कामाला लावले. त्यासाठी ‘एफई’ एवढी दोनच अक्षरे लिहावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ज अडले नाहीत.

हा उपाय सर्वत्र लागू पडेल, असे मी म्हणत नाही. कार्डालाच अनेक रांगा असून त्या कोअरनिहाय वाटलेल्या असतील, तर त्याची गरज नसते, उलट एका कोअरने दुसऱ्याला जागे करण्याचा खर्च तेवढा वाढतो. सारा भार एकाच जोडणीवरून येत असेल, तर तो वाटलाही जात नाही.

तरीही मराठवाड्यातील महाविद्यालये, नगरपालिका व सहकारी संस्थांच्या खरेदी समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की नवा सर्व्हर मंजूर करण्यापूर्वी गर्दीच्या वेळची कोअरनिहाय भाराची नोंद पुरवठादाराकडून लेखी मागावी. तंत्रनिकेतनांनीही ही तपासणी प्रात्यक्षिकांत घ्यावी; त्यासाठी एक जुना संगणक पुरतो.

आपला,
एक वाचक, परभणी