दुसरीच्या पालकांसाठी सूचना : दप्तर, झोप आणि वाचन

नमस्कार पालकहो,

सोमवारी वर्गात मुलांची दप्तरं वजनकाट्यावर ठेवून पाहिली. एका मुलीचं वजन १९ किलो आणि दप्तर साडेतीन किलो! आत पहिलीची जुनी पुस्तकं, चार कोऱ्या वह्या, रंगपेटी. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं असा नियम आहे. रोज रात्री वेळापत्रक बघून ते मुलांकडूनच भरून घ्या.

शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. तरी काही मुलं रात्री अकरापर्यंत मोबाइलवर असतात. परिपाठाला पेंगणारं मूल वाचनाच्या तासाला 'प्रकाश'मधल्या 'प्र'पाशीच रडकुंडीला येतं, आणि आपण म्हणतो, त्याला येत नाही. कृपया साडेनऊला दिवे मालवा.

घरी वाचताना मूल अडखळलं तर थांबा, त्याला अक्षरं लावू द्या. भावंडांशी तुलना नको, फटका तर नकोच. शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. घरीही तीच पाळूया.

मूल गप्प गप्प असेल, पोट दुखतं म्हणून शाळा टाळत असेल, तर शाळा सुटल्यावर मला येऊन भेटा. ग्रुपवर मुलाचं नाव लिहू नका.

शनिवारी ११ वाजता पालकसभा आहे. आजी-आजोबा आले तरी चालेल.

– वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी