चि. मुक्तास, अर्जाविषयी

सोलापूर, रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर आई शेजारी होती, म्हणून लिहितो. डॉक्टरांनी "घरात कुणाला थायरॉईड?" असं विचारलं आणि तू "माहीत नाही" म्हणालीस, ते तिला लागलंय. दहावीच्या वर्षी हाच प्रश्न आला तेव्हा ती फाडकन "मला आहे" म्हणाली होती. डॉक्टरांनी तसं लिहूनही घेतलं, आणि जिना उतरताना तुम्ही दोघी इतक्या हसलात की कंपाउंडर बाहेर येऊन बघून गेला. पण उत्तर तुझंच बरोबर. औषध मायेवर चालत नाही.

तर अर्ज, तुझ्या जन्मदात्या आईच्या शोधाचा. २०२२ची दत्तक नियमावली मी वाचली. अठराच्या आत असतीस तर आमच्यासोबत करावा लागला असता, आता तुझा तू करायचा, 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, किंवा थेट संस्थेकडे. त्रयस्थाला मात्र असा शोध घेता येत नाही. मी पुढच्या आठवड्यात पंढरपूरला, तुला आणलं त्या आश्रमात जाऊन बसणारच होतो, ते राहिलं.

जिनं तुला सोपवलं ती भेटायला नाही म्हणू शकते, हे तू वाचलंस ना? तुझ्या हक्कापायी तिच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये, असं स्पष्ट आहे. तेव्हा मनाची तयारी... जाऊ दे. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

२००२ साली दत्तकाआधी घर बघायला सोशल वर्करबाई आल्या तेव्हा मी कपाटं आवरून ठेवली होती. त्यांनी ती उघडलीही नाहीत. ताईआजीला विचारलं, नातेवाईक काय म्हणतील? ताईआजी म्हणाली, "वाढलं की गप जेवतात." तेवढ्यावर आम्ही पास झालो असं मी अजून धरून चालतो. तिसरीत वंशवृक्ष काढायला सांगितला तर तू बंडूकाकाच्या कुत्र्यालाही फांदी दिलीस. बाईंनी खाली लाल रेघ मारली, काकानं तो कागद फ्रेम करून घेतला.

गोळी उपाशीपोटी घे, चहा अर्ध्या तासानं. नेटवरून कुणी 'तुमची माहिती काढून देतो' म्हणालं तर एक रुपया द्यायचा नाही. रात्री जागून हे असलं वाचत बसू नकोस, आणि मेसचं जेवण... झालं माझं भाषण. माफ कर. तू चोरून अर्ज भरला असतास तरी आम्हाला कळलं नसतं. आधी सांगितलंस. मी ते बंडूला दोनदा ऐकवलं.

सोपवल्यानंतर जन्मदात्या आईला विचार बदलायला दोन महिने असतात. त्या दोन महिन्यांत तू पाळण्यात होतीस आणि तू आहेस हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती कधी पंढरपूरच्या स्टँडपर्यंत येऊन परत गेली असेल का, असं हल्ली डोक्यात येतं. आली असती तर आमचं काय, हे पुढचं मी येऊ देत नाही.

ती नाही म्हणाली तरी सोपवतानाची कारणं आणि परिस्थिती तुला सांगावी लागते. मला भीती त्या कारणांचीच आहे. गरिबी असेल, लग्नाआधीचं असेल, नाहीतर मुलगी नको असेल. शेवटचं असलं तर तो कागद माझ्याच्यानं वाचवणार नाही. तू वाचशील. तू माझ्यापेक्षा घट्ट आहेस.

आणि हो म्हणाली तर? त्याचा विचार मी केलेला नाही. आईनं केलाय. तिची ओटी भरायची म्हणते.

शेंगाचटणीचा डबा उद्या राजू हुतात्मा एक्स्प्रेसनं घेऊन येतोय, स्टेशनवर जा. कोर्टाच्या आदेशाची प्रत स्कॅन करून पाठवली आहे. दुसऱ्या पानावर तुझं आश्रमातलं नाव आहे, ते अर्जाला लागेल. उत्तर आलं की ऑफिसात एकटीनं उघडू नकोस. आधी फोन कर. माझा चार्जिंगला असला तर आईच्या नंबरवर कर.

तुझा,
बाबा