निगेटिव्ह टचिंगवाल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार जी.

तुमच्या घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा मांडायला सांगून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या यवतमाळकडच्या गावांत घरी बसून फोटोचं काम करणारी पोरंपोरी आता बरीच आहेत, पेन टॅब्लेट (पेन फिरवून कॉम्प्युटरवर काम करायची पाटी) मला कोणी शिकवला हे त्यांनाही कळलं पाहिजे. तुम्ही म्हणाल, "मी तं काम्पुटरले हातही नाही लावला." खरं आहे. तरी शिकवलं तुम्हीच, निगेटिव्हवर पेन्सिल-ब्लेडने फोटो सुधारणाऱ्या, म्हणजे टचिंग करणाऱ्या काकाजींनी.

माझ्याकडे येणारं निम्मं काम जुन्या फोटोंचं. घर गळून भिजलेले, कसर लागलेले, फ्रेमच्या काचेला चिकटलेले. तेरवीच्या आधी मोठा करून द्यायचा म्हणून घाईने आणलेले. माऊसने हे काम होतं, पण बटण दाबलं की रंग पूर्ण लागतो, सोडलं की लागत नाही, मधलं काही नाही. म्हणून नागपूरहून टॅब्लेट मागवला. डब्यावर लिहिलं होतं, दाबाच्या 8192 पायऱ्या. पेनमध्ये बॅटरी नाही. पाटीखाली तारांची जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनला शक्ती मिळते आणि टोक कुठे आहे, किती दाबलं आहे, हे पाटीला कळतं. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा. माऊससारखं उचलून पुन्हा ठेवणं नाही. नजर समोर आणि हात खाली, ही सवय व्हायला वेळ लागला, पण माऊस कपाटात ठेवून दिल्यावर ती झाली. सेटिंग व्हिडिओ पाहून जमल्या. दाबायचं किती आणि कुठे, हे मात्र एकाही व्हिडिओत नव्हतं.

ते तुमच्या डेस्कवर होतं. बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीतला तो उतरता लाकडी डेस्क तुम्ही माझ्यासाठी झटकून मांडलात. मधे काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा, काचेवर एका बाईच्या चेहऱ्याची निगेटिव्ह, जिच्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून तुम्ही डोळ्याखालच्या सुरकुतीवर इतके हलके फिरवत होतात की पेन्सिल टेकली की नाही हे मला दिसेना. स्वल्पविरामाएवढे फटकारे, एकावर एक. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते, आणि ब्लेडने थर खरवडला की गडद होते, हे तुम्ही करून दाखवलंत. मग पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणालात, "दाबू नको वं, नुसती वजनानं चालू दे."

घरी येऊन मी फोटोशॉपमध्ये फोटोवर पन्नास टक्के करड्या रंगाची लेयर, म्हणजे वेगळा थर घेतला, तो सॉफ्ट लाइटवर टाकला, म्हणजे करडा रंग दिसेनासा होतो. त्याच्यावर पांढरा ब्रश फिरवला की खालचा फोटो उजळतो, काळा फिरवला की गडद होतो, आणि मूळ फोटोला धक्का लागत नाही. तुमची पेन्सिल आणि तुमचं ब्लेड एकाच लेयरवर! ब्रशच्या सेटिंगमध्ये पेनच्या दाबावर आकार बदलणं बंद केलं, ट्रान्स्फरमध्ये फक्त रंगाची घनता दाबावर ठेवली, फ्लो, म्हणजे रंग लागायचा वेग, चार-पाच टक्क्यांवर आणला. त्या रात्री पहिल्यांदा गालावरची सावली हळूहळू भरताना मला दिसली. लाइट जाईपर्यंत मी उठले नाही.

तुम्ही फटकारा मारताना मनगट वाकडं करत नव्हता, निगेटिव्हच फिरवत होता. आर दाबला की फोटोशॉपमध्ये फोटो तसाच फिरवता येतो, एस्केप दाबला की सरळ होतो. ही सोय मला माहीत होती, तिचं काय करायचं ते तुमच्याकडे पाहून कळलं. हाताखाली मलमलीचं फडकं ठेवायचं हेही तुमचंच. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की तळहात पाटीला चिकटतो आणि रेघ अडते. आणि दर थोड्या वेळाने फोटो हातभर लांब धरून पाहायचा. मी कंट्रोल-शून्य दाबून अख्खा फोटो स्क्रीनवर आणते, तेच झालं. तीनशे टक्के मोठा करून बसलं की माणूस दिसत नाही, नुसती कातडी दिसते, आणि मग हात थांबत नाही.

पण सगळ्यात मोठं शिक्षण त्या आजीच्या फोटोचं. कपाळावर, हनुवटीवर ठिपके होते आणि फोटोला बुरशीही लागलेली होती. डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशला दोन्ही सारखेच. मी विचारायला आले तर तुम्ही भिंग लावून बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "पाह्य, बुरशी लुगड्यावरही गेली. गोंदन लुगड्यावर जाते काय?" बुरशीच्या डागाची कड तुटक, तो चेहऱ्यावरून पदरावर, पदरावरून मागच्या पडद्यावर पसरत जातो. गोंदणाची कड मऊ, ते चेहऱ्याच्या गोलाईबरोबर वळतं. तेवढ्यावर न थांबता तुम्ही त्यांच्या लेकीला फोन लावायला सांगितलात आणि कुठे कुठे ठिपका होता ते विचारून घेतलंत. मोठा केलेला फोटो न्यायला आली तेव्हा तिने आधी हनुवटीवर बोट ठेवलं.

"थोडी गोरी करून दे" म्हणणारे गिऱ्हाईक रोज येतात. तुमच्याकडेही येत असत, आणि तुम्ही विचारत असा, "रंग बदलला तं घरचे ओळखतीन काय?" मी हेच वाक्य वापरते. कोणी रागावून दुसरीकडे जातं, जाऊ दे. जन्मभर उन्हात कापूस वेचलेल्या बाईचा चेहरा पिठासारखा पांढरा करून तिच्याच भिंतीवर लावणं मला पटत नाही, आणि न पटणारं काम नाकारायची हिंमत तुमच्यामुळे आली.

नवीन टॅब्लेट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. पाटीचं आणि स्क्रीनचं प्रमाण सारखं करून घ्या, सेटिंगमध्ये त्याची खूण असते. नाहीतर हाताने गोल काढाल आणि स्क्रीनवर अंडं उमटेल. बाकी, जवळपास जुना टचिंगवाला असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा.

काकाजी, एक मागणं आहे. तुम्ही ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट कापसाच्या बोळ्याने रंगवत होतात, ते मला अजून पाहायचं आहे. पोळा झाला की येते. रंगाच्या बाटल्या वाळल्या असतील तरी फेकू नका, आणि मॅट पेपरवरचा एखादा बिनकामाचा प्रिंट सापडला तर बाजूला काढून ठेवा.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी