ताई, तुमचं शिफ्ट-सी परत केलं

ताई,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, पुढचं सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

माझं ॲड-ऑन (एन्व्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला लावायची जोडणी) एवढंसं. माझ्या एन्व्हीडीएचा इंग्रजी आवाज १२५००००० हा आकडा 'ट्वेल्व्ह मिलियन फाइव्ह हंड्रेड थाउजंड' असा वाचतो, आणि ऐकणारा मनात कोटी-लाख मांडत बसतो. तो 'एक कोटी पंचवीस लाख' असा ऐकू यावा, इतकंच काम. ('सव्वा कोटी' म्हणवायचा माझा हट्ट तुम्ही एका वाक्यात मोडलात: "खतावणीत सव्वा नसतो रे.") कोड चार रविवारांत झाला. कळा ठरवण्यात मात्र सहा महिने गेले.

कोटीचा (इंग्रजी 'क्रोर'चा) सी, म्हणून मी एन्व्हीडीए-शिफ्ट-सी, म्हणजे एन्व्हीडीएची खास कळ, शिफ्ट आणि सी एकत्र, घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन: "नवीन शीटला मथळेच लागेनात." एक्सेलमध्ये स्तंभांचे मथळे नेमायची एन्व्हीडीएची आज्ञा नेमकी तीच आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी कोड लिहितो, हिशेब लिहीत नाही. वाईट म्हणजे चूक कुठे दिसतही नव्हती. कळ दाबली की एन्व्हीडीए आधी ॲड-ऑनच्या ग्लोबल प्लगइनला (सगळ्या प्रोग्रामांत चालणाऱ्या भागाला) विचारतं, एक्सेलमधल्या स्वतःच्या आज्ञेची पाळी नंतर. माझं ॲड-ऑन रांगेत पुढे घुसून 'मी आहे ना' म्हणत होतं आणि तुमची आज्ञा मागे गप्प उभी.

मग मी हुशारीने कंट्रोल-आल्ट-४ वर गेलो. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर उजवं आल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं, आणि विंडोजच्या लेखी ते उजवं आल्ट म्हणजे कंट्रोल-आल्टच. पतसंस्थेत बसणाऱ्या बाईचं रुपयाचं चिन्हच मी पळवलं! त्यावर तुम्ही हसलात, रागावला नाहीत, हे अजून लक्षात आहे.

त्या रविवारी तुम्ही एन्व्हीडीए-१ दाबून इनपुट हेल्प सुरू केलीत, म्हणजे कळ दाबली तरी काम होत नाही, फक्त तिचं नाव नि उपयोग ऐकू येतो. दिवसभरात बोटं जिथे जिथे जातात त्या सगळ्या कळा एकेक करून दाबल्यात, मी फोनच्या या टोकाला टिपून घेतल्या. तासभर चाललं. तुमचा चहा दोनदा गार झाला. माझ्या नऊ आज्ञांपैकी एकीला कळ उरली. बाकी आठ कळेविना ठेवायच्या, ज्याला हवी त्याने एन्व्हीडीएच्या 'इनपुट जेश्चर्स' या कळा नेमायच्या यादीत आपली कळ लावावी, हा तुमचाच निकाल. तो मला तेव्हा अपमान वाटला होता. नंतर पाहिलं तर त्या यादीत आठऐवजी पाचच दिसत होत्या. तीन आज्ञांना मी वर्णनच लिहिलं नव्हतं, आणि वर्णन नसलेली आज्ञा तिथे येत नाही. तेही तुम्हीच पकडलंत.

आवृत्त्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझी बाजू अगदीच लंगडी आहे. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲड-ऑनच्या माहितीच्या फाइलमध्ये, एन्व्हीडीएची किमान आवृत्ती २०२४.१ घातली, कारण माझ्याकडे ती होती, एवढंच. तुमच्या ऑफिसचा संगणक विंडोज ७ वर, आणि विंडोज ७ ला चालणारी शेवटची मालिका २०२३.३. तुमच्याकडे ॲड-ऑन बसेचना. माझ्या कोडमध्ये २०२४ चं काहीही नव्हतं, आकडा तेवढा उगाच चढवलेला.

त्याच फाइलमधलं दुसरं, 'शेवटी तपासलेली आवृत्ती'. वर्षाची पहिली आवृत्ती, म्हणजे '.१' वाली, जुन्या ॲड-ऑनचा आधार काढून घेऊ शकते. म्हणून ती आली की न तपासलेली ॲड-ऑन एन्व्हीडीए बंद ठेवतं. २०२५.१ आली तेव्हा मी तो आकडा नुसता बदलून फाइल तुम्हाला पाठवली. तुम्ही विचारलंत, "तपासलंस, की खोडून नवं लिहिलंस?" मी गप्प. आमच्याकडे याला खाडाखोड म्हणतात, असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. त्या रात्री दोनपर्यंत बसून एकेक आज्ञा चालवून पाहिली. दोन बिघडलेल्या निघाल्या.

आता किमान आवृत्ती २०२३.१ आहे, शिफ्ट-सी तुमचं तुम्हाला परत, रुपयाही जागेवर. नवीन फाइल तयार आहे, पण मार्चअखेर आटोपेपर्यंत पाठवत नाही. तेवढ्या दिवसांत तुमच्या संगणकाला हात लावायची माझी छाती नाही.

तुमचा,
कोटीवाला