पुढच्या रांगेत बसवा, असं लिहून देणाऱ्या बाईंना

बाई,

सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्तीची यादी लागल्यापासून वस्तीवर दुसरा विषय नाही. बालाघाटाच्या डोंगरात आपली पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि त्या शाळेच्या तीन पोरी जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत! त्यात एक माझी. वर एक पोरगा गढीच्या नवोदयला लागला. चौघांच्याही घरची माणसं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी. सत्काराला पुढारी आले, साहेब आले, हार-शाली झाल्या, फोटो झाले. तुम्ही मागे पोरांना रांगेत उभं करत होतात. शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून मला बोलायला सांगितलं, तर मला हुंदका आवरेना. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते.

त्या दिवशी हार घालणाऱ्यांतले काही जण दोन वर्षांपूर्वी याच शाळेच्या ओट्यावर बसून आम्हाला सांगत होते की पट विसाच्या खाली आलाय, पोरं मोठ्या गावच्या शाळेत घाला, इथं काय ठेवलंय. २०२३ साली समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळांची पोरं एका मोठ्या शाळेत एकत्र करायचा, विषय निघाला होता. राज्यात वीसच्या आतल्या पटाच्या १४,७८३ शाळा आहेत, असा आकडा तेव्हा पेपरात आला. आपलीही त्यातलीच. मधला ओढा भरला की पहिलीतलं लेकरू मोठ्या गावाला जाणार कसं, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. तुम्ही उठलात आणि सांगितलंत की प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे, तो शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्या राज्याने केलेल्या नियमांत आहे. आवाज चढवला नाहीत. आम्हा बायांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण भीक मागत नाही, हक्काचं मागतोय. शाळा राहिली. यंदा पट विसाच्या वर गेलाय, आणि मोठ्या गावच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसणारी दोन पोरं परत आपल्याकडे आलीत.

पण मला लिहायचंय ते एका चिठ्ठीबद्दल.

तुमच्या आधी आमच्या लेकरांचं काय व्हायचं, ते बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, थांबता येत नाही. घरी म्हातारं माणूस धड असेल तर लेकरू त्याच्यापाशी राहतं, नाहीतर आमच्याबरोबर फडावर, उसाच्या रानात. हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे, पण आमच्याकडे ते सुरू होईपर्यंत निम्म्या टोळ्या कारखान्यावर पोचलेल्या असायच्या. मग लेकरू तिकडे वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतंय, धाकट्याला सांभाळतंय, आणि इकडे मस्टरवर रोज हजर! पाडव्याच्या आसपास परत आलो की ते पास होऊन वरच्या वर्गात. आमच्या वस्तीवरची पोरं आठवीत गेली तरी धडा वाचता येत नव्हता. "ऊसतोड्यांची पोरं, यांना शिकवून काय करायचंय," हे एका शिक्षकाच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आठवतही नसेल. मी मात्र ते विसरलेले नाही.

आणि जिकडे जातो तिकडची तऱ्हा. लेक तिसरीत होती, तेव्हा कारखान्याजवळच्या एका शाळेत तिला घेऊन गेले होते. दाखला नाही, कागद नाही, चार महिन्यांसाठी कशाला नाव घालता, असं म्हणाले. लई विनवलं तेव्हा बसू दिलं, तेही दाराशी, जिथं पोरांच्या चपला असतात तिथं. नावाने कुणी हाक मारली नाही. "ए टोळीवाली" म्हणायचे. थोड्या दिवसांनी ती म्हणाली, आई, मी कोपीवरच थांबते, बाळाला बघते. कोपी म्हणजे तिकडची आमची झोपडी. मी बरं म्हटलं, कारण पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या बाईकडे दुसरं उत्तर नसतं.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर तुम्ही संध्याकाळी घरी आलात. आमची बांधाबांध चालली होती, भांडी पोत्यात भरलेली, बसायला धड जागा नव्हती. तुम्ही पोत्यावरच बसलात. शिक्षण हमी कार्ड आणलं होतंत. लेक कितवीत आहे, वाचन कुठवर आलंय, कोणती गणितं येतात, सगळं त्यात भरलेलं. दाखला उशिरा आला म्हणून कुठलीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हेही आमच्या मालकांना, लेकीच्या बापाला, दोनदा समजावलंत. हे तुमचं कामच होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. हे काम करणारी माणसं मला त्याआधी भेटली नव्हती.

कार्डाला मात्र वहीचं एक पान टाचलं होतं. त्याला कुठला नियम नव्हता, कुणी मागितलं नव्हतं. रात्री ट्रकमध्ये मोबाइलच्या उजेडात मी ते वाचलं. मला ते पाठ आहे:

"सर किंवा मॅडम, नमस्कार. ही मुलगी चौथीत आहे. नवीन जागी पहिले दोन-तीन दिवस बोलत नाही. तिला येत नाही असं कृपया समजू नका. भागाकार करताना घाई करते, वेळ दिला की बरोबर येतो. गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की खुलते. शक्य असल्यास पुढच्या रांगेत बसवा आणि नावाने हाक मारा. मार्चअखेर ती माझ्या वर्गात परत येईल, मी वाट बघतेय."

बाई, माझी लेक नव्या जागी मुकी होते, हे मला माहीत होतं, कारण मी तिची आई. दोन वर्ग एकत्र सांभाळून, वर खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं, एवढं सगळं करून तुम्हाला ते कधी दिसलं? आणि दिसलं तर दिसलं, ते कोण कुठल्या अनोळखी शिक्षकाला कळवावं, हे तुमच्या मनात आलं! आमच्या लेकरांची ओळख आजवर टोळीच्या नावानं, नाहीतर मुकादमाच्या नावानं व्हायची. तिच्याबद्दल "ती कशी आहे" असं कुणी कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. ट्रकमध्ये सगळे झोपले होते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत होते.

सांगली जिल्ह्यात उतरलो. त्या वर्षी वेगळी शाळा होती. तिथले सर वयस्कर होते. कार्ड बाजूला ठेवून त्यांनी आधी चिठ्ठीच वाचली. सावकाश वाचली. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, पुढे बसलेल्या दोन पोरांना सरकायला सांगितलं आणि लेकीच्या नावाने हाक मारून म्हणाले, "ये, इथं बस." एवढंच. मी दारात उभी होते, माझ्या कमरेला कोयता तसाच होता. मला फडावर परत जायचं होतं, पण पाय उचलेनात.

आम्ही निघालो त्या आठवड्यात त्या सरांनी तीच चिठ्ठी परत दिली. मागच्या बाजूला लिहिलं होतं: "पुढे बसवली. तिसऱ्या दिवशी बोलली. आता गप्प बसत नाही. भागाकार पक्का झाला आहे." तुम्ही ते वाचताना हसलात आणि लगेच फळ्याकडे तोंड केलंत, ते मी खिडकीतून बघितलं होतं. त्या सरांचं आणि तुमचं कधी बोलणंही झालेलं नाही. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि एका ऊसतोड्याच्या पोरीसाठी दोघांनी एका कागदाच्या दोन बाजू लिहिल्या. त्या सरांनाही हे पत्र कुणी दाखवलं तर बरं होईल. त्यांचंही देणं आमच्यावर आहे.

पाचवीला ती सासूबाईंजवळ राहिली. सकाळी शाळा भरायच्या आधी तुमचा सराव वर्ग, त्याबद्दल सगळ्यांनी भाषणात सांगितलंच, मी लिहीत नाही. फेब्रुवारीत परीक्षा होती तेव्हा आम्ही फडात. अकरा ते साडेबारा पहिला पेपर, हे मालकांनी मुकादमाला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्या दीड तासात आमच्या टोळीतल्या बाया मोळ्या बांधता बांधता सारखं विचारत होत्या, किती वाजले गं? तीनशेपैकी तिला किती पडले ते आता सगळ्या वस्तीला पाठ आहे. शिष्यवृत्तीचे वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. पैसा आम्हाला नको आहे असं नाही. तिच्या सहावीच्या वह्या, दप्तर आणि एक सायकल त्यातून व्हावी असं मालकांच्या मनात आहे. पण यादीत तिच्या नावापुढे आपल्या शाळेचं नाव छापलेलं होतं, ते मी बोट ठेवून सासूबाईंना दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या गुरुजींना, रणजितसिंह डिसले यांना, २०२० साली जगातला शिक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा मला एकच गोष्ट लक्षात राहिली होती, की ती शाळाही जिल्हा परिषदेचीच. आणि बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. अशी माणसं आहेत. आमच्या वाट्याला ती लवकर आली नाहीत, एवढंच. आपल्या शाळेला एका पुढाऱ्याने मोठा टीव्ही दिलाय, चांगलं केलं, पोरं कविता ऐकतात. पण टीव्हीला कोणतं पोर गप्प आहे ते दिसत नाही. ते बघायला माणूस लागतं, आणि त्या माणसाला ही पोरं आपली वाटावी लागतात. मला वाटतं, चांगुलपणाला फार पैसा लागत नाही. लागतं ते दुसऱ्याच्या लेकराकडे जरा थांबून बघणं. ज्यांना ते जमलं नाही त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजून राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. आमच्या वस्तीवरची जी पोरं वाचायला न शिकताच मोठी झाली, त्यांतली कितीतरी आज आमच्याच टोळीत कोयता धरून आहेत. तीही हुशार होती, बाई. त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायला कुणी नव्हतं.

आता यंदाचं. दसऱ्यानंतर वस्तीवरची सहा लेकरं फडावर जाणार आहेत, बाकीची घरी राहतील. कालच्या बैठकीत त्यांच्या आयांनी मला सांगितलंय की कार्डांबरोबर चिठ्ठी पाहिजे, तसं बाईंना लिही. म्हणून लिहिते. दुसरीतल्या पोराला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्याला सरांच्या उजव्या हाताला भिंतीकडे बसवलं तर डावा कान भिंतीकडे राहील असं बघायला सांगा. वरच्या आळीतल्या जुळ्या पोरींना एकत्रच बसू द्या म्हणावं, वेगळं केलं की दोघी रडतात. तिसरीतला पोरगा बोलताना अडखळतो, त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं करू नये, त्याला ते आवडत नाही. पहिलीतल्या पोरीचं काय लिहायचं ते तिच्या आजीलाच विचारा, ती रविवारी घरी असते. सहावा माझा धाकटा. तो पहिल्या दिवसापासून बोलतो. त्याला पुढे बसवा म्हणून लिहायची गरज नाही, पण नावाने हाक मारा, एवढं नक्की लिहा.

तुमची,
वस्तीवरच्या शाळेतल्या एका मुलीची आई