निवटीला मडस्किपर कशाला म्हणायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही सुट्टीत मुलांनी वाचावीत अशा पर्यावरणावरच्या चित्रपुस्तकांची यादी दिलीत. मी ती कापून ठेवली, कारण दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस मुलांना मी पुस्तकं वाचून दाखवते. पण यादीत हिमअस्वल दोनदा, देवमासा एकदा, आणि कचरा कुठे टाकावा हे सांगणारी तीन पुस्तकं. माणसं जवळजवळ नाहीतच. म्हणून हे पत्र.

मी ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात वाढले. आई ओहोटीला खाडीत उतरून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणि चिंबोऱ्या धरायची. शाळेच्या पुस्तकात खाडी कुठेच नव्हती म्हणून असेल, पण 'आई काय करते?' असं बाईंनी विचारलं की मी 'घरकाम' सांगायचे. पुढे ऐरोलीतच एकोणतीस वर्षं बालवाडीत शिकवलं, फळ्यावर 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलं, आणि खिडकीतून दिसणाऱ्या तिवरांचं, खाडीकाठच्या खारफुटीचं, नावही काढलं नाही. ही चूक माझीच.

मध्यंतरी खाडीवरचं एक अनुवादित पुस्तक वाचायला घेतलं. चित्रं फार देखणी. त्यात वाक्य आलं, 'मडस्किपर मासा दलदलीत राहतो.' मुलं ढिम्म. मी म्हटलं, अरे, ही निवटी! तसा एरवी तोंड न उघडणारा, घणसोली गावातला एक मुलगा उठून उभाच राहिला. अंग ओलं असेपर्यंत निवटी पाण्याबाहेर तगते, पुढच्या परांवर रेलून चिखलात चालते, एवढं पुस्तकात होतं. बिळाचं दुसरं तोंड कसं हुडकायचं आणि कालवणात कैरी कधी टाकायची, हे त्याच्याकडून कळलं. दहाव्या मजल्यावरच्या एका मुलीसाठी खाडी म्हणजे वास आला की लावून घ्यायची खिडकी. तिनं त्याला विचारलं, "चावते का?" पुस्तक तिथेच मिटलं, तासभर निवटीच चालली.

नवी मुंबईत भिंतोभिंती फ्लेमिंगो रंगवलेत. ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, याचा आनंदच आहे. पण त्या पक्ष्याला गुलाबी रंग देणारं शेवाळ ज्या चिखलात वाढतं, त्यालाच आपली मुलं 'घाण' म्हणतात. हा चिखल जन्मभर तुडवणारी बाई कुठल्या चित्रात दिसली तर सांगा.

नुसती आपलीच पुस्तकं वाचा असं मात्र मी म्हणत नाही. केनियाच्या वांगारी मथाई यांच्यावर मुलांसाठी बरीच चित्रपुस्तकं निघाली आहेत, त्यातलं एक मी आणलं. 1977 मध्ये त्यांनी झाडं लावणारी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, 2004 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. मुलांना नोबेलचं काहीच वाटलं नाही. ती अडली ती सरपणासाठी लांबवर चालणाऱ्या बायकांच्या चित्रापाशी. सरपण म्हणजे काय हेच निम्म्यांना माहीत नव्हतं. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी जव्हारकडची. तिनं ओढणीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि दप्तराची मोळी तोलून दाखवली. वॉचमनकाकांचा मुलगा म्हणाला, आमच्या गावी छठच्या आधी सगळे मिळून पोखर साफ करतात. पोखर म्हणजे तळं, हे मग त्यानंच सगळ्यांना शिकवलं. झाडं गेली की कुणाच्या आईची पायपीट वाढते, हे मला फळ्यावर लिहून कधी पटवता आलं नव्हतं.

अशा पुस्तकांतही खोट असते. आदिवासी म्हटला की तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य आणि फेर धरलेली माणसं, पानाभोवती वारली नक्षीची किनार, आणि ती काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यातली पोरं युनिफॉर्म घालून शाळेत जातात, त्यांच्याही घरात मोबाइल असतो. ते चित्रात आलं तर जंगलाचं काही बिघडत नाही. अनुवादकांनाही एक विनंती: 'दलदल' लिहिण्याआधी खाडीकाठच्या कुणालातरी विचारा. खाजण हा शब्द आहे आमच्याकडे.

पुढची यादी छापाल तेव्हा पुस्तक कुठल्या मुलखातलं, चित्रं कुणाची, आणि त्यातली माणसं पोटासाठी काय करतात, एवढी एकेक ओळ घाला. पैशांचा प्रश्न असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट आहेत, आणि ती कुणालाही आपल्या भाषेत उतरवता येतात. पालिका शाळांतल्या शिक्षकांनी त्यातलं एखादं आगरी-कोळी बोलीत करावं. शब्द अडले तर मी आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त शब्द माझ्या आईकडे आहेत. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, निवटीची गोष्ट आता तिच्याकडूनच लिहून घेते आहे. निवटीचं चित्र घणसोलीच्या त्या मुलानं काढलंय. डोळे जरा जास्तच मोठे झालेत.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई