बक्षिसाचा आकडा आणि हाती येणारा पैसा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझा भाचा नोकरी सोडून मोठ्या प्रवेशशुल्काच्या पोकर स्पर्धा हाच पूर्णवेळ व्यवसाय करणार म्हणतो आणि पुरावा म्हणून त्याने तुला सर्वाधिक बक्षिसे मिळवणाऱ्या खेळाडूंची यादी पाठवली आहे. खरे सांगायचे तर त्याच्या बेतापेक्षा त्या यादीनेच मला अधिक अस्वस्थ केले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या यादीत फक्त जमेची बाजू असते, खर्चाचा रकानाच नसतो. अनेक मोठ्या स्पर्धांत बाद झालेल्या खेळाडूला पुन्हा शुल्क भरून बसता येते. त्यामुळे कोणी एकाच स्पर्धेत तीन वेळा लाख-लाख डॉलर भरले आणि शेवटी अडीच लाखांचे बक्षीस मिळवले, तर यादीत त्याच्या नावापुढे अडीच लाखांची भर पडते आणि प्रत्यक्षात पन्नास हजार गेलेले असतात. डॅनियल नेग्रानू या नामवंत खेळाडूने आपला वर्षाचा हिशेब अनेकदा जाहीर केला आहे. २०१७ साली त्याने सुमारे २८ लाख डॉलरची बक्षिसे मिळवली आणि तरीही ते वर्ष त्याला तोट्याचे गेले. हा प्रांजळपणा विरळाच. बाकीच्यांचे हिशेब आपल्याला दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न, टेबलावरचा पैसा कोणाचा? या स्तरावर बहुतेक खेळाडू प्रवेशशुल्काचा काही भाग दुसऱ्याकडून घेऊन त्या बदल्यात बक्षिसातला तेवढा वाटा विकतात, एकमेकांशी बक्षिसातल्या टक्केवारीची अदलाबदल करतात किंवा एखाद्या भांडवलदाराच्या पैशांवर खेळतात. भांडवलदाराबरोबरच्या करारात झालेला तोटा साचत जातो, त्याला ‘मेकअप’ म्हणतात, आणि तो फिटेपर्यंत खेळाडूला वाटा मिळत नाही. समज, तीन लाखांचा तोटा साचलेला आहे आणि बक्षीस पाच लाखांचे लागले. आधी तीन लाख वळते होणार, उरलेल्या दोन लाखांचे निम्मे खेळाडूला मिळणार, आणि बातमी मात्र पाच लाखांची छापून येणार. स्टू उंगर हा या खेळातला विलक्षण बुद्धीचा माणूस. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्याने १९८० आणि १९८१ मध्ये जिंकली, आणि १९९७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकली तेव्हा त्याच्याकडे प्रवेशाचे दहा हजार डॉलरही नव्हते. ते बिली बॅक्स्टरने भरले आणि दहा लाखांच्या बक्षिसातला अर्धा वाटा त्याच्याकडे गेला. उरलेला पैसा उंगरच्या व्यसनांनी संपवला आणि १९९८ मध्ये तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला.

खुद्द पहिला क्रमांकही फसवा असतो. लंडनमध्ये २०१९ साली झालेल्या ट्रायटन मिलियन स्पर्धेचे शुल्क होते दहा लाख पन्नास हजार पौंड, त्यातले पन्नास हजार दानधर्मासाठी. प्रवेश ५४. विजेता ठरला आरॉन झँग. पण शेवटी उरलेल्या दोघांनी आपापल्या चिपच्या, म्हणजे डावात लावायच्या चकत्यांच्या, प्रमाणात वाटणी ठरवून घेतली असल्याने दुसरा आलेल्या ब्रिन केनीला त्याच्यापेक्षा जास्त, सुमारे दोन कोटी डॉलर मिळाले.

आता कौशल्याविषयी लिहितो, कारण हा निव्वळ जुगार आहे असे तू समजू नयेस. स्पर्धेत चिपची किंमत सरळ वाढत नाही, आणि सारी गंमत तिथेच आहे. समज, तीनच खेळाडू उरले आहेत, तिघांकडे सारख्याच चिप आहेत आणि बक्षिसे ५०, ३० व २० अशी आहेत. या घडीला प्रत्येकाच्या जागेची किंमत ३३.३३ झाली. समोरच्याने सगळ्या चिप पुढे सरकवल्या. तू आव्हान स्वीकारलेस आणि हरलास तर २० घेऊन उठणार, म्हणजे १३.३३ गमावणार, जिंकलास तर चिप दुप्पट होतील, पण (पहिले येण्याची शक्यता चिपच्या प्रमाणात धरली तर) जागेची किंमत होईल ४३.३३, म्हणजे कमावणार फक्त १०. ब्लाइंडच्या, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच सक्तीने लावाव्या लागणाऱ्या, चिप हिशेबात न धरता, जिंकण्याची शक्यता ५७ टक्क्यांहून अधिक असेल तरच आव्हान घेणे परवडते. तुझ्या हातात राणीची जोडी आहे आणि त्याच्याकडे बदामचे एक्का-राजा आहेत हे तुला दिसले, तरी तुझी शक्यता सुमारे ५४ टक्केच. रोख पैशांच्या खेळात, जिथे प्रत्येक चिपची किंमत ठरलेली असते, हा डाव आनंदाने खेळावा, इथे मात्र राण्या मुकाट्याने टाकून द्याव्यात. आणि मधले ३.३३ गेले कुठे? पत्त्यांना हातही न लावता बसून राहिलेल्या तिसऱ्याच्या पदरात. असे निर्णय अर्ध्या मिनिटात, दिवसाचे दहा-बारा तास, न चिडता घेत राहायचे, हे खरे काम आहे. त्यासाठी ही मंडळी सॉल्व्हर नावाच्या संगणकप्रणाली घेऊन रोज अभ्यासाला बसतात. २०१७ मध्ये लिब्राटस या संगणकप्रणालीने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, तेव्हापासून केवळ ‘माणसे ओळखण्याच्या’ बळावर पोट भरण्याचे दिवस सरत आले, असे माझे मत आहे.

पण अभ्यास केला तरी नशिबाचा हेलकावा जात नाही. खूप खेळाडू असलेल्या स्पर्धेत साधारणपणे दर सात-आठ जणांतील एकालाच काही मिळते आणि खरा पैसा पहिल्या दोन-तीन जागांत साठलेला असतो. म्हणून उत्तम खेळाडूचेही अख्खे वर्ष कोरडे जाऊ शकते. शिवाय जितके शुल्क मोठे, तितके प्रतिस्पर्धी तयारीचे आणि नफ्याची फट बारीक. तुझ्या भाच्याच्या डोक्यात बहुधा ख्रिस मनीमेकर असणार. तो हिशेबनीस २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत आला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याच्याकडे पाहून आलेल्या गर्दीमुळे २००६ मध्ये तीच स्पर्धा ८,७७३ जणांची झाली. त्या गर्दीतल्या नवशिक्यांवर जाणत्या व्यावसायिकांची चांगली चलती होती. आज तसे नवशिके मोठ्या शुल्काच्या टेबलावर क्वचितच सापडतात.

त्याला रागावू नकोस. गेल्या वर्षभरात खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेची वही मात्र माग. शुल्क, पुन्हा भरलेले शुल्क, प्रवास-मुक्काम, विकलेला वाटा आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम, असे रकाने तिच्यात असले तर ती माझ्याकडे पाठव. मी मन लावून पाहीन आणि त्याच्याशी स्वतः बोलेन. वही नसेल, तर राजीनामा तूर्त खिशातच ठेवायला सांग.

तुझा स्नेही